'लोक' म्हणजे नेमके कोण? : नॉर्वेमधील लोकसंग्रहालयांचे चिकित्सक वाचन

प्रस्तावना

लोकसंस्कृतीच्या अभ्यासात संग्रहालयाचा विचार बहुधा साधन म्हणूनच केला जातो. तेथे वस्तू मिळतात, वास्तू पाहता येतात, लुप्त झालेल्या कारागिरीचे नमुने हाताशी येतात. म्हणून संशोधक तेथे जातो. परंतु संग्रहालय हे केवळ साधन नसून ती स्वतःच एक रचना आहे. काय ठेवावे, काय वगळावे, कशाशेजारी काय मांडावे आणि त्याला कोणते नाव द्यावे, या निर्णयांतून संग्रहालय एक विधान करीत असते. साहित्यकृतीप्रमाणे त्या विधानाचेही वाचन करता येते आणि समीक्षाही करता येते.

प्रस्तुत लेखात नॉर्वे या देशातील लोकसंग्रहालयांचे असे वाचन करण्याचा प्रयत्न केला आहे. ऑस्लोमधील बिग्दॉय येथील नॉर्स्क फोल्केम्यूझिअम आणि लिलेहामर येथील माइहाउगेन ही दोन संग्रहालये विवेचनाच्या केंद्रस्थानी आहेत. त्यांच्या अनुषंगाने सामी आणि रोमानी समाजांशी संबंधित संग्रहांचाही विचार केला आहे. 'लोक' या संकल्पनेत कोणाचा समावेश झाला, कोणाचा उशिरा झाला आणि समावेश झाल्यानंतर त्या समाजाच्या हाती नेमके काय आले, हे तपासणे हा लेखाचा उद्देश आहे.

'लोक' आणि 'राष्ट्र' : शब्दाची पार्श्वभूमी

मराठीत आपण लोकसाहित्य, लोककला, लोकदैवत असे शब्द वापरतो तेव्हा 'लोक' या पदाने सामान्यतः नागर व अभिजात परंपरेबाहेरचा समूह सूचित होतो. नॉर्वेजियन भाषेतील 'फोल्क' या शब्दाला हा अर्थ आहेच. परंतु त्याच्या जोडीला 'एक राष्ट्र म्हणून असलेली जनता' हा दुसरा अर्थही आहे. त्यामुळे 'फोल्केम्यूझिअम' या नावाचे 'लोकसंग्रहालय' हे भाषांतर अर्धेच ठरते. ग्रामीणांचे संग्रहालय आणि राष्ट्राचे संग्रहालय, हे दोन्ही अर्थ त्या नावात एकत्र नांदतात.

हे अर्थ एकत्र येण्यामागे इतिहास आहे. काही शतके नॉर्वे डेन्मार्कच्या राजसत्तेखाली होता. १८१४ मध्ये त्याने स्वतःची राज्यघटना स्वीकारली, परंतु त्याच वर्षी त्याला स्वीडनबरोबर एका राजाच्या संघात जावे लागले. हा संघ १९०५ मध्ये संपुष्टात आला. मधल्या नऊ दशकांत आपले वेगळेपण सिद्ध करणे ही नॉर्वेजियन सुशिक्षितांची सांस्कृतिक गरज होती. शहरे, प्रशासन आणि लेखनाची भाषा यांवर डेन्मार्कची दाट छाया होती. त्यामुळे अस्सल नॉर्वेजियन काय, याचे उत्तर दऱ्याखोऱ्यांतील शेतकऱ्यात शोधले गेले. आस्ब्यॉर्नसेन आणि मू यांनी १८४० च्या दशकात लोककथा प्रसिद्ध केल्या. ईवार ओसेन यांनी ग्रामीण बोलींच्या आधारे लेखनभाषा घडविली आणि १८८५ मध्ये तिला शासनमान्य समान दर्जा मिळाला. कथा आणि भाषा यांच्यानंतर वास्तू व वस्तू यांची पाळी येणे स्वाभाविक होते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. शेतकरी हा लोकसंग्रहालयाचा विषय झाला तो तो दुर्लक्षित होता म्हणून नव्हे, तर राष्ट्राला त्याची गरज होती म्हणून. ज्यांची राष्ट्राला तशी गरज नव्हती ते या चौकटीबाहेर राहिले. पुढील सव्वाशे वर्षांचा या संग्रहालयांचा इतिहास म्हणजे ही चौकट हळूहळू रुंदावत जाण्याचा इतिहास होय.

खुल्या संग्रहालयाची कल्पना

आज 'खुले संग्रहालय' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकाराचा सर्वांत प्रभावी नमुना स्वीडनमध्ये घडला. आर्टुर हासेलियस यांनी १८९१ मध्ये स्टॉकहोम येथे स्कान्सेन सुरू केले. देशाच्या निरनिराळ्या भागांतील घरे सुटी करून आणावीत, पुन्हा उभारावीत, त्यांत त्या त्या प्रदेशाच्या वस्तू मांडाव्यात आणि वेशभूषा केलेली माणसे तेथे वावरावीत, अशी ही योजना होती. औद्योगिकीकरणामुळे ग्रामजीवन झपाट्याने बदलत असताना हासेलियस यांना वाटलेली तळमळ खरी होती. मात्र याच स्कान्सेनवर सामी कुटुंबांना त्यांच्या तंबूंसह आणि रेनडिअरांसह प्रेक्षकांसमोर राहावयास लावले जात असे, हेही नमूद करणे आवश्यक आहे. रिकाम्या घरात वेशभूषा करून वावरणारा स्वीडिश कर्मचारी भूमिका वठवीत होता. सामी माणूस मात्र स्वतःच प्रदर्शनाची वस्तू ठरला होता. एकाच प्रांगणातील हा भेद या प्रकाराच्या जन्मापासूनच त्याच्यासोबत आहे.

नॉर्वेमध्ये याही आधी एक छोटा प्रयत्न झाला होता. संघाचा राजा ओस्कार दुसरा याच्या आश्रयाने १८८१ पासून बिग्दॉय येथील राजप्रासादाच्या आवारात जुन्या वास्तू आणून उभारल्या जाऊ लागल्या. हा संग्रह १९०७ मध्ये नॉर्स्क फोल्केम्यूझिअममध्ये विलीन झाला. स्वीडिश राजाने नॉर्वेजियन वास्तूंचे जतन करणे यात आस्था होती, तशीच नॉर्वेजियन प्रजेला आपलेसे करण्याची दृष्टीही असावी, असे म्हणण्यास जागा आहे.

दोन संस्थापक, दोन मांडण्या

नॉर्स्क फोल्केम्यूझिअमची स्थापना हान्स ओल यांनी १८९४ मध्ये केली. तेव्हा त्यांचे वय अवघे पंचवीस होते. बिग्दॉय येथील आवार १९०२ मध्ये प्रेक्षकांसाठी खुले झाले. आज तेथे सुमारे १६० वास्तू आहेत. ग्रामीण विभागात ओल यांनी स्वीकारलेले तत्त्व प्रादेशिक आहे. सेटेसदाल, हालिंगदाल, नूमेदाल, टेलेमार्क अशा दऱ्याखोऱ्यांनुसार घरांचे समूह मांडले आहेत. प्रेक्षक काही तासांत जणू संपूर्ण देशाची पायी प्रदक्षिणा करतो. प्रत्येक प्रदेशाची ओंडके जोडण्याची पद्धत, कोठाराची घडण, भिंतीवरील चित्रकाम यांतील भेद त्याला डोळ्यांनी दिसतात आणि हे सारे भेद मिळून एक राष्ट्र होते, हा अर्थ न सांगताच त्याच्यापर्यंत पोहोचतो.

माइहाउगेनची घडण याहून वेगळी आहे. त्याचे संस्थापक आन्डेर्स सान्विग हे व्यवसायाने दंतवैद्य होते. क्षयरोगामुळे हवापालटासाठी ते १८८५ मध्ये लिलेहामरला आले आणि तेथेच स्थायिक झाले. गुडब्रान्सदाल या दरीतील गावोगावी रुग्ण पाहण्यासाठी फिरत असताना जुन्या वस्तू व वास्तू विकल्या जात असलेल्या किंवा मोडून टाकल्या जात असलेल्या त्यांनी पाहिल्या आणि १८८७ पासून संग्रहास प्रारंभ केला. आरंभीच्या वास्तू त्यांनी स्वतःच्या बागेतच उभ्या केल्या. १९०४ मध्ये हा संग्रह माइहाउगेन येथे खुला झाला. आज तेथील वास्तूंची संख्या सुमारे २०० आहे.

सान्विग यांनी संपूर्ण देश घेतला नाही. त्यांनी मुख्यतः एक दरी घेतली. परंतु त्या एका दरीतील समाजाचे थर त्यांनी मांडले. मोठ्या जमीनदार शेतकऱ्याचे अनेक इमारतींचे आवार, मध्यम शेतकऱ्याचे घर, धर्मोपदेशकाचे निवासस्थान, दुसऱ्याच्या जमिनीवर राबणाऱ्या कुळाचे खोपटे आणि उन्हाळ्यात गुरे घेऊन राहण्याची डोंगरावरील वस्ती, असा हा क्रम आहे. येथे प्रेक्षक प्रदेशांतून नव्हे तर प्रतिष्ठेच्या पायऱ्यांवरून चालतो.

या दोन मांडण्यांची तुलना उद्बोधक आहे. ओल यांच्या मांडणीत भेद आडवे आहेत. एक दरी दुसरीहून वेगळी, पण कनिष्ठ नव्हे. सान्विग यांच्या मांडणीत भेद उभे आहेत. जमीनदाराच्या दुमजली घरानंतर कुळाच्या खोलीत शिरताना प्रेक्षकाला मान लववावी लागते. प्रदेशवार मांडणी राष्ट्रभावनेला पोषक ठरते, पण गावातील विषमता तीत सहज झाकली जाते. या दृष्टीने सान्विग यांची मांडणी समाजशास्त्रीयदृष्ट्या अधिक प्रामाणिक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ज्या शतकात या भूमीवरून लक्षावधी माणसे अमेरिकेस गेली, त्या शतकाचे चित्र केवळ नक्षीदार कोठारांतून पुरे होऊ शकत नाही.

गोलचे चर्च : जतन की स्थलांतर?

बिग्दॉय येथील सर्वांत प्रसिद्ध वास्तू म्हणजे हालिंगदालमधील गोल या गावाचे लाकडी चर्च. उभ्या खांबांच्या सांगाड्यावर उभारलेल्या 'स्टाव्ह' प्रकारातील ही वास्तू साधारणतः इ. स. १२०० च्या सुमाराची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावाला मोठ्या चर्चची आवश्यकता भासली आणि जुने पाडून टाकण्याचे ठरले. तेव्हा १८४४ मध्ये स्थापन झालेल्या प्राचीन वास्तूंच्या रक्षणार्थ संस्थेने पुढाकार घेतला, राजाने खर्चाचा भार उचलला आणि १८८० च्या दशकाच्या मध्यास ते चर्च बिग्दॉय येथे पुन्हा उभे राहिले.

या घटनेचे दोन अर्थ लागतात. पहिला अर्थ उघड आहे : हस्तक्षेप झाला नसता तर ही वास्तू आज अस्तित्वात नसती. गावकऱ्यांना ती नकोशी झाली होती आणि दूरच्या राजधानीतील काही जाणकारांना तिचे मोल कळले होते. दुसरा अर्थ मात्र नंतर उमगतो. पुनर्रचना करताना चर्चचे बाह्यरूप बोर्गुंड येथील अधिक सुस्थितीतील चर्चच्या नमुन्यावर बेतले गेले. म्हणजे प्रेक्षक ज्याला मध्ययुग समजून पाहतो त्यातील बराचसा भाग एकोणिसाव्या शतकाने मध्ययुगाविषयी केलेली कल्पना आहे. आणि ज्या गावाने आपले चर्च गमावले त्या गोलमध्ये पुढे त्याच चर्चची प्रतिकृती उभारण्यात आली. मूळ राजधानीत आणि प्रतिकृती जन्मगावी, अशी ही उलटापालट आहे.

खुल्या संग्रहालयाचा मूलभूत अंतर्विरोध येथे स्पष्ट होतो. वास्तू वाचते, पण तिची जागा वाचत नाही. चर्चभोवतीचे दफनस्थान, त्याकडे येणारी पायवाट, त्याच्या घंटेच्या टापूत येणारी शेते यांपैकी काहीही ओंडक्यांबरोबर हलविता येत नाही. संग्रहालय याची भरपाई अनुभवाने करू पाहते. चुलीवर लेफ्से ही पातळ भाकरी भाजली जाते, धुराचा वास येतो, तंतुवाद्य वाजते, पारंपरिक पोशाखातील माणसे प्रश्नांची उत्तरे देतात. हे सारे शिक्षणदृष्ट्या उपयुक्त आहे, यात शंका नाही. मात्र या प्रसन्न वातावरणात थंडी, भूक, बालमृत्यू आणि कुळाची लाचारी यांना स्थान मिळणे अवघड होते. चुलीची ऊब दाखविता येते. सरपण संपल्याची रात्र दाखविता येत नाही. समीक्षकाने ही मर्यादा संग्रहालयाचा दोष म्हणून नव्हे, तर या माध्यमाचा स्वभाव म्हणून ओळखणे इष्ट ठरेल.

वेसेल्स गाटे १५ : चौकटीचा विस्तार

नॉर्स्क फोल्केम्यूझिअमच्या इतिहासातील एक धाडसी निर्णय म्हणजे वेसेल्स गाटे १५ ही ऑस्लो शहरातील १८६५ ची तीन मजली विटांची भाड्याची इमारत आवारात आणून उभी करणे. या इमारतीतील प्रत्येक सदनिका वेगळ्या काळातील राहणीमान दाखविते. एका सदनिकेत १८७९ चे मध्यमवर्गीय घर आहे आणि ते इब्सेनच्या त्याच वर्षीच्या 'अ डॉल्स हाउस' या नाटकावरून सुचलेले आहे. दुसऱ्या ठिकाणी साफसफाईचे काम करणाऱ्या स्त्रीची १९५० मधील राहती जागा आहे. आणखी एका ठिकाणी २००२ मधील एका पाकिस्तानी कुटुंबाचे घर आहे.

येथे 'लोक' या संकल्पनेच्या तीन मर्यादा एकाच जिन्यावर ओलांडल्या गेल्या आहेत. शहर हे लोकसंस्कृतीबाहेरचे, ही पहिली. वर्तमानकाळ हा संग्रहालयाबाहेरचा, ही दुसरी. बाहेरून आलेला माणूस हा 'लोक' नव्हे, ही तिसरी. पाकिस्तानातील, विशेषतः पंजाब प्रांतातील, कामगार १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून नॉर्वेमध्ये येऊ लागले. १९७५ मध्ये शासनाने कामगारांच्या नव्या आगमनावर बंदी घातली, तरी कुटुंबीय येत राहिले आणि ऑस्लोमध्ये हा समाज स्थिर झाला. त्यांची बैठकीची खोली गोलच्या चर्चच्याच आवारात मांडणे म्हणजे 'हेही नॉर्वेजियन घर आहे' असे म्हणणे होय. दक्षिण आशियातील वाचकाला त्या खोलीचे महत्त्व विशेष जाणवेल. आपल्या परिचयाची गृहरचना येथे 'परदेशी लोकांच्या' दालनात नाही, तर यजमान देशाच्या स्वतःच्या घरांच्या रांगेत आहे.

तरीही एक प्रश्न उरतो. एका समाजाचे एकच घर मांडले की ते घर त्या संपूर्ण समाजाचे प्रतिनिधी होऊन बसते. याच इमारतीत बहुसंख्य समाजाची अनेक घरे आहेत. त्यामुळे काळ, वर्ग आणि व्यवसाय यांनुसार ती माणसे बदलताना दिसतात. पाकिस्तानी कुटुंब मात्र २००२ मध्ये थांबलेले आहे. विविधतेचा अधिकार बहुसंख्यांना आणि प्रातिनिधिकतेचे ओझे अल्पसंख्यांना, अशी ही विभागणी नकळत होते. माइहाउगेन येथे विसाव्या शतकातील घरांची स्वतंत्र वसाहत आहे आणि त्यात राणी सोन्या यांचे बालपणीचे घरही आहे. तेथे दशकागणिक बदल स्पष्ट दिसतो. स्थलांतरितांच्या घरालाही असा दशकागणिक बदल लाभेल तेव्हाच चौकट खऱ्या अर्थाने रुंदावली असे म्हणता येईल.

सामी संग्रह : दालनाकडून मालकीकडे

या विवेचनातील सर्वांत गंभीर प्रकरण सामी समाजाचे आहे. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया यांच्या उत्तर भागात राहणारा हा मूलनिवासी समाज एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून नॉर्वेजियनीकरणाच्या धोरणाला सामोरा गेला. शाळांतून त्याच्या भाषेला हद्दपार करण्यात आले. ज्या दशकात हान्स ओल शेतकऱ्यांची घरे वाचवीत होते, त्याच दशकात, १८९८ मध्ये, सामी भाषेचा शाळेतील वापर अधिक कडकपणे मर्यादित करणारी सूचना शासनाने काढली. एका समूहाची संस्कृती राष्ट्राचा वारसा ठरत होती आणि दुसऱ्याची संस्कृती राष्ट्राच्या मार्गातील अडथळा ठरत होती.

संग्रहालयांच्या रचनेतही हा भेद दिसून येतो. सामी वस्तूंचा मोठा संग्रह विद्यापीठाच्या मानववंशशास्त्रीय संग्रहालयात होता, म्हणजे जगातील 'इतर' लोकांबरोबर होता. १९५१ मध्ये तो नॉर्स्क फोल्केम्यूझिअमकडे हस्तांतरित झाला. वस्तू त्याच राहिल्या; बदलले ते त्यांचे वर्गीकरण. परके लोक 'आपले लोक' झाले. हे पाऊल निश्चितच पुढचे होते, परंतु तो निर्णय घेणारे सामी नव्हते.

पुढील काळात सामी समाजाने राजकीय पातळीवर आपला आवाज उभा केला. १९७२ मध्ये कारास्योक येथे सामी संग्रहालय सुरू झाले. आल्टा नदीवरील धरणाविरुद्धचे आंदोलन १९७९ ते १९८१ या काळात देशभर गाजले. १९८९ मध्ये सामी संसद अस्तित्वात आली. या पार्श्वभूमीवर 'बोस्तेदे' हा प्रकल्प पाहावा लागतो. दक्षिण सामी भाषेतील या शब्दाचा अर्थ 'परत' असा आहे. नॉर्स्क फोल्केम्यूझिअम, ऑस्लो विद्यापीठाचे सांस्कृतिक इतिहास संग्रहालय आणि सामी संसद यांच्या सहकार्यातून सामी संग्रहाचा सुमारे निम्मा भाग सामी संग्रहालयांना परत देण्याचे ठरले. उर्वरित भाग ऑस्लोमध्ये ठेवण्यामागे राजधानीतील प्रेक्षकांसमोरही सामी संस्कृती असावी, हा विचार आहे.

मालकीचा प्रश्न किती खोल जातो हे एका ढोलाच्या इतिहासावरून कळते. आन्डेर्स पौल्सेन या सामी वृद्धाचा विधीचा ढोल सतराव्या शतकाच्या अखेरीस जप्त करण्यात आला. १६९२ मध्ये त्याच्यावर जादूटोण्याचा खटला चालला आणि निकाल लागण्यापूर्वीच कोठडीत त्याची हत्या झाली. ढोल डेन्मार्कच्या राजसंग्रहात गेला आणि तेथून त्या देशाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आला. १९७९ पासून तो कारास्योक येथे होता, पण उसनवारीवर. त्याची मालकी २०२२ मध्ये कारास्योकच्या सामी संग्रहालयाकडे आली. प्रेक्षकाच्या दृष्टीने २०२१ आणि २०२२ यांत काही फरक नव्हता. तोच ढोल होता आणि तेच गाव होते. सामी समाजाच्या दृष्टीने मात्र फरक फार मोठा होता. जप्त केलेली वस्तू उसनी देणे आणि परत करणे, या दोन भिन्न नैतिक क्रिया आहेत.

नॉर्वेच्या सत्य व समेट आयोगाने नॉर्वेजियनीकरणाविषयीचा आपला अहवाल २०२३ मध्ये संसदेला सादर केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये संसदेने सामी, क्वेन व अरण्य-फिन या समाजांची औपचारिक क्षमा मागितली. संग्रहालयांतून सुरू झालेले वस्तूंचे परतणे आणि संसदेतील हे शब्द एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

रोमानी प्रवासी : घर नसलेल्यांचे संग्रहालय

खुले संग्रहालय घरांवर उभे असते. मग ज्यांची संस्कृती वाटेवर घडली त्यांचे काय? नॉर्वेतील रोमानी, ज्यांना 'टाटेर' असेही म्हटले जाते, हा असा समाज आहे. मुलांना कुटुंबांपासून तोडणे, सक्तीची वंध्यीकरणे अशा गोष्टी या समाजाने सोसल्या. शासनाने १९९८ मध्ये त्याबद्दल क्षमा मागितली. एल्वेरुम येथील ग्लोमदाल संग्रहालयात २००६ मध्ये 'लात्यो द्रोम', म्हणजे 'शुभ प्रवास', हे या समाजाविषयीचे स्थायी प्रदर्शन सुरू झाले.

भारतीय भाषांच्या अभ्यासकाला येथे एक खरा धागा सापडतो. रोमानी ही मुळात भारतीय-आर्य कुळातील भाषा असून स्कँडिनेव्हियातील तिच्या रूपातही जलासाठी 'पानी' हा शब्द टिकून आहे. पण त्याहून महत्त्वाचा मुद्दा पद्धतीचा आहे. ज्यांच्या मागे मोडून आणता येईल असे घर नाही, त्यांचा वारसा जतन करण्यासाठी संग्रहालयाला आपली वास्तुकेंद्री सवय सोडावी लागते आणि कथन, स्मृती व भाषा यांकडे वळावे लागते.

निष्कर्ष

१. नॉर्वेमधील लोकसंग्रहालयांत 'लोक' ही संकल्पना आयती सापडलेली नसून निवडलेली आहे. प्रथम राष्ट्राला हवा असलेला शेतकरी, मग शहरी भाडेकरू, मग स्थलांतरित, असा तिचा विस्तार झाला. सामी व रोमानी समाज मात्र बराच काळ तिच्या काठावर राहिले.

२. प्रदेशवार मांडणी आणि समाजस्तरांची मांडणी यांतून भिन्न अर्थ निर्माण होतात. संग्रहालयाचे मूल्यमापन करताना वास्तूंच्या संख्येपेक्षा या मांडणीच्या तत्त्वाकडे अधिक लक्ष द्यावयास हवे.

३. खुले संग्रहालय वास्तू वाचविते, परंतु जागेशी असलेला तिचा संबंध तोडते. हा संबंध प्रात्यक्षिकांनी आणि वातावरणनिर्मितीने पुरता भरून निघत नाही.

४. समावेश आणि अधिकार या एकच गोष्टी नव्हेत. दालन मिळाले म्हणजे न्याय मिळाला असे होत नाही. १९५१ चे हस्तांतर आणि बोस्तेदेचे परतणे यांतील अंतर हेच समावेश आणि अधिकार यांतील अंतर आहे.

या संग्रहालयांना भेट देणाऱ्या अभ्यासकाने ओंडक्यांचे जोड, नक्षी आणि भांडी अवश्य पाहावीत. तो आनंद कमी प्रतीचा नाही. पण प्रत्येक दालनात तीन प्रश्न सोबत न्यावेत : ही वस्तू येथे कशी आली, तिच्याविषयी येथे कोण बोलत आहे, आणि ज्यांची ती होती त्यांनी ती मागितली तर काय उत्तर मिळेल? नॉर्वेच्या संग्रहालयांचे श्रेय असे की त्यांनी तिसऱ्या प्रश्नाला सामोरे जाण्यास प्रारंभ केला आहे. लोकसंस्कृतीचे जतन करणाऱ्या कोणत्याही संस्थेची कसोटी यापुढे याच प्रश्नावर लागणार आहे.